पाणी पाठीमागून येतं

जांबियानीत पहिल्या सकाळी मी समुद्र शोधत होते.
रात्री तो होता, खिडकीखालच्या भिंतीला
काहीतरी घासत बसलेला.
उजाडल्यावर पाहते तर
कुणी अंगावरची गोधडी ओढून न्यावी तसा गेलेला,
थेट प्रवाळाच्या कडेपर्यंत.
तिथे एक पांढरी रेघ,
आणि तिचा आवाज, उशिरा पोचणारा.

मधल्या ओल्या वाळूवरून
मकामे सायकल चालवत गेला,
हँडलला लटकलेला ऑक्टोपस.
होड्या एका कुशीवर कलंडलेल्या,
जेवून आडव्या झालेल्या माणसांसारख्या.

त्याची आई म्हणाली, चल. चपला काढू नकोस,
खाली काटे आहेत.

बिउब्वाचं शेत म्हणजे
खुंट्यांच्या नऊ रांगा आणि त्यांना ताणलेल्या दोऱ्या.
वीतभर अंतरावर एक गाठ, गाठीत शेवाळाचा झुबका.
हे वाळतं, पोत्यात जातं, बोटीतून जातं,
आणि म्हणे दूर कुठेतरी टूथपेस्ट होऊन
लोकांच्या तोंडात जातं.
मी चाळीस गाठी मारल्या.
तेवढ्यात तिच्या तीनशे झाल्या,
बहिणीच्या जमिनीचा खटला सांगता सांगता.

किती वाजले, मी विचारलं.
चार, ती म्हणाली.
माझ्या घड्याळात दहा.
इथे सूर्य उगवला की मोजायला सुरुवात,
रात्र कुणी दिवसाच्या हिशोबात धरत नाही.

वहीत मी आकडे लिहीत होते:
ओहोटी दहा पाच, दुसऱ्या दिवशी दहा पन्नास,
मग साडेअकराच्याही पुढे.
नजर सगळी त्या पांढऱ्या रेघेवर,
येईल तर तिथूनच येईल.
तिने कोपराने ढोसलं.
वळून पाहिलं तर गाव आणि आम्ही ह्यांच्या मध्ये
पाणी केव्हाचं येऊन बसलेलं,
आवाज न करता, घोटाभर, ऊन पांघरून.
परतताना गुडघाभर झालं.
ती हसत होती. मी वही डोक्यावर धरलेली.

मग भांगाचे दिवस आले.
पाणी धड जाईना, धड येईना.
ह्याला इथे माजी माफू म्हणतात, मेलेलं पाणी.
शेतं बुडालेलीच राहतात, बायका घरी.
चटया विणून होतात, एक साखरपुडा, दोन भांडणं.
ओट्यावर बिउब्वा नातीला पुढ्यात घेऊन
तिच्या केसांत कंगव्याच्या टोकाने
भांग पाडत होती, एक, शेजारी दुसरा, तिसरा,
वाळूवर पाणी सोडून जातं तशा रेघा.
माझ्या भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे,
हे मला तिला सांगायचं होतं.
माझ्या मोडक्या स्वाहिलीत ते असं झालं:
आमच्याकडे समुद्राला केस असतात.
बरोबर आहे, ती म्हणाली, आणि तेल मागितलं.

त्याच दिवशी तिने शेवाळाची एक काडी दाखवली,
टोकाशी पांढरी, बोटात भुगा होणारी.
पाणी तापलंय. उथळात आता जगत नाही.
आत न्यायला हवं, छातीभर पाण्यात.
मग? मी म्हटलं.
मला पोहता येत नाही.
तीस वर्षं समुद्रात शेती करणारी बाई
हे अशा आवाजात म्हणाली,
जसं घरातलं मीठ संपलंय.

जायच्या आदल्या संध्याकाळी भरती भिंतीला टेकलेली.
खिडकीतून दिसलं:
होड्यांच्या आडोशाला मकामे कंबरभर पाण्यात,
आणि पिवळ्या रिकाम्या कॅनला
दोन्ही हातांनी कवटाळून बिउब्वा,
ओढणी, कुर्ता, सगळ्यासकट तरंगणारी.
तो पाठीखाली हात धरून मोजत होता,
मोजा, म्बिली, टाटू,
आणि टाटूला हात काढून घ्यायचा.
ती बुडायची, शिव्या देत वर यायची,
पुन्हा म्हणायची, मोज.

वही उघडीच होती.
भरतीची वेळ लिहायची राहिली.